मोटारीच्या मोबाइल स्टार्टरला नॅनो सिम बसतं, पण चालत नाही

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार मंडळी.

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर आहे. घरून फोन लावला की मोटार चालू, परत लावला की बंद, लाईट गेली-आली की मिसकॉल. आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या विजेच्या लाइनला, रात्रीची पाळी येते तेव्हा याची खरी किंमत कळते. विहिरीकडची वाट उसातून जाते आणि या भागात बिबट्या कायम दिसतो. त्यामुळे स्टार्टर बंद पडला तर नुसती गैरसोय होत नाही, रात्री घरातल्या कोणाला तरी तिकडे पाठवावं लागतं.

आता अडचण अशी. स्टार्टरमधलं जुनं मोठं सिम गेलं. पेटीत ओल शिरली होती, सोनेरी पत्रा काळा पडलाय, मोबाइलमध्ये घातलं तरी 'सिम टाका' एवढंच दाखवतं. घरात मुलीच्या जुन्या फोनचं नॅनो सिम आहे, रिचार्जही शिल्लक आहे. दुकानातून प्लास्टिकचा अडॅप्टर आणून त्यात ते घातलं. खाचेत अगदी मापात बसतं. पण स्टार्टर काही दाद देत नाही. फोन लावला की 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. तेच सिम काढून मोबाइलमध्ये घातलं की व्यवस्थित चालतं.

लहान सिम आणि मोठं सिम आतून वेगळं असतं का? अडॅप्टर बदलून बघू की सरळ नवीन सिम घेऊ? आणि नवीन घ्यायचं तर मोठ्या मापाचं अजून मिळतं का?

उगवतीचा_वारा

दादा, अडॅप्टरमध्ये सिम उलटं बसलं नाही ना? कोपरा कापलेली बाजू अडॅप्टरच्या कापलेल्या कोपऱ्याकडेच यायला हवी. सोनेरी बाजू खाली की वर हे खाचेशेजारी चित्रात दिलेलं असतं.

पॅनेलवाला_सांगली

निफाडकर, तीन गोष्टी सांगा, मग नेमकं बोलता येईल.

सिमची खाच कशी आहे? झाकण उघडून सिम ठेवायचं आणि झाकण सरकवून बंद करायचं अशी, की सिम आत ढकललं की 'टक्' वाजून अडकतं तशी?

आतल्या सर्किटवर एक बारीक दिवा लुकलुकत असेल. दर सेकंदाला लुकलुकतो, की मध्ये तीनेक सेकंद थांबतो?

आणि मुलीचं सिम कोणत्या कंपनीचं आहे?

द्राक्षबाग_निफाड

@उगवतीचा_वारा, सरळच आहे, कोपरा जुळवून बसवलंय.

@पॅनेलवाला, झाकणवाली खाच आहे. दिवा भराभर लुकलुकतोय, सेकंदाला एकदा म्हणता येईल. सिम जिओचं आहे.

पॅनेलवाला_सांगली

मग कारण सापडलं. तुमचं सिम चांगलं आहे, अडॅप्टर चांगला आहे, स्टार्टरही चांगला आहे. फक्त या जोडीचं जमणार नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो आणि गिऱ्हाईक अडॅप्टरवर अडॅप्टर बदलत बसतात.

आधी मापाचं. पहिली सिम कार्डं १९९१ साली म्युनिकच्या गिझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने बनवली आणि त्यातली पहिली ३०० फिनलंडच्या रेडिओलिंया या मोबाइल कंपनीला दिली. तेव्हाचं सिम एटीएम कार्डाएवढं, ८५.६ बाय ५३.९८ मिलिमीटर. फोन लहान व्हायला लागले तसं कार्ड कापत गेले. आपण ज्याला 'मोठं सिम' म्हणतो त्याचं नाव मिनी, २५ बाय १५. त्याच्याखाली मायक्रो, १५ बाय १२. आणि नॅनो १२.३ बाय ८.८. क्षेत्रफळ काढलं तर नॅनो मिनीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही लहान आहे.

पण यात कापलं गेलं ते बहुतेक नुसतं प्लास्टिक. सोनेरी पत्र्यावरचे भाग, त्यांच्या जागा आणि त्यांचं काम सगळीकडे तेच राहिलं: एकातून वीज, एकातून रीसेट, एकातून घड्याळाचे ठोके, एक अर्थिंग आणि एकातून माहितीची ये-जा. म्हणूनच अडॅप्टर नावाची साधी चौकट चालते. तिच्यात कसलंही सर्किट नसतं. फरक पडतो तो जाडीत. मिनी आणि मायक्रो दोन्ही ०.७६ मिलिमीटर जाड, नॅनो ०.६७. हा ०.०९ मिलिमीटरचा फरक कधी कधी नडतो, सैल खाचेत पिना नीट टेकत नाहीत. तुमच्या झाकणवाल्या खाचेत दाब चांगला असतो, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

आता खरं कारण. तुमच्या स्टार्टरमध्ये जो मोबाइलचा भाग आहे तो २जी आहे. बाजारातल्या बहुतेक जुन्या स्टार्टरमध्ये सिमकॉम कंपनीचे ९०० किंवा ८०० मालिकेतले मॉड्यूल असतात, ते फक्त २जी बोलतात. आणि जिओकडे २जी नाहीच. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांची सेवा सुरू झाली तीच मुळी ४जीवर, त्यांचे कॉलसुद्धा ४जीवरूनच जातात. म्हणजे सिम खाचेत बसलं, मॉड्यूलने ते वाचलंही असेल, पण हवेत शोधायला गेल्यावर त्या सिमचं नेटवर्क या मॉड्यूलला दिसणारच नाही. या मॉड्यूलवरचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला तर नेटवर्क सापडलेलं नाही. तीन सेकंदांनी एकदा लुकलुकू लागला की नोंदणी झाली.

सिम न वाचलं तरी दिवा तसाच भराभर लुकलुकतो, म्हणून नुसत्या दिव्यावरून फसू नका. शंका असेल तर २जी चालणारं दुसरं कोणतंही सिम पाच मिनिटांसाठी घालून बघा.

थोडक्यात, ज्या कंपनीचं २जी तुमच्या विहिरीवर पोचतं तिचं सिम लागेल. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएल या तिघांचंही २जी चालू आहे. कोणाची रेंज चांगली ते घरी बसून ठरवू नका. बटणाचा साधा फोन घेऊन विहिरीवर जा आणि पेटीच्या जागी उभं राहून बघा.

गंजगोलाई_मोबाइल

आमचं लातूरला मोबाइलचं दुकान आहे. मोठ्या मापाचं सिम मिळतं का, या प्रश्नाचं उत्तर देतो.

वेगळं 'मोठं सिम' म्हणून मागायची गरजच नाही. आता कंपनीच्या गॅलरीत जे नवीन सिम मिळतं ते एकात तीन असतं. मोठ्या कार्डावर मिनीच्या मापाची चीर, तिच्या आत मायक्रोची, तिच्या आत नॅनोची. स्टार्टरसाठी फक्त बाहेरचा तुकडा मोडून घ्या आणि आतल्या चिरांना हात लावू नका. काउंटरवरच्या मुलाला आधीच सांगा, 'आतलं तोडू नको'. त्याला सवय असते, तो बोलता बोलता नॅनो बाहेर ढकलून ट्रेमध्ये घालून देतो. एकदा निघालेलं नॅनो परत चौकटीत बसतं, पण ती चौकट मग पातळ आणि ढिली होते.

अडॅप्टरबद्दल. झाकणवाल्या खाचेत अडॅप्टर चालतो. 'टक्' वाजणाऱ्या, ढकलायच्या खाचेत मी गिऱ्हाइकाला अडॅप्टर देत नाही. त्या खाचेत सहा बारीक पिना वर उचललेल्या असतात. सिम बाहेर ओढताना अडॅप्टर आणि नॅनो यांच्या मधल्या फटीत पीन अडकते आणि वाकते, नाहीतर तुटते. दुरुस्तीला बोर्ड उघडून पूर्ण खाच बदलावी लागते, आणि बटणाच्या फोनमध्ये तेवढा खर्च लोक करत नाहीत, फोनच टाकून देतात. रिकामा अडॅप्टर तर कुठल्याच खाचेत घालू नका. पिना वर येऊन त्या भोकात बसल्या की मग तो मोडल्याशिवाय निघत नाही.

अडॅप्टर वापरायचाच असेल तर मागच्या, म्हणजे सोनेरी नसलेल्या बाजूला पातळ पारदर्शक टेपचा एक तुकडा लावा. नॅनो आणि चौकट एकसंध राहतात आणि जाडीचा फरकही भरून निघतो. फेविक्विक लावू नका. त्याचा थेंब सोनेरी पत्र्यावर पसरला की सिम गेलं.

भीमाकाठ

@गंजगोलाई, उलट दिशेने विचारतो. माझ्याकडे फार जुनं मिनी सिम आहे, नंबर सगळ्या नातेवाइकांकडे आहे. नवीन फोनला नॅनो लागतं. कटरने कापून घेऊ का? एक जण कापून देतो म्हणाला.

गंजगोलाई_मोबाइल

कापू नका. आयफोन ५ आला, २०१२ चा सप्टेंबर, तेव्हापासून आम्ही कटर वापरत होतो, त्यामुळे सांगतो. मिनीचं मायक्रो कापणं सोपं होतं, जाडी तीच आणि कापायचं ते नुसतं प्लास्टिक. नॅनोचं तसं नाही. जुन्या सिमवर सोनेरी पत्रा मोठा असायचा, नॅनोच्या मापात कापताना कटरची धार पत्र्यावरूनच जाते. शिवाय जाडी ०.७६ ची ०.६७ करायला मागून पॉलिश पेपरने घासावं लागतं. न घासता ट्रेमध्ये कोंबलं तर ट्रे फोनमध्ये अडकतो, आणि मग पंचवीस-तीस हजारांचा फोन उघडायची वेळ येते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचं सिम फार जुनं असेल तर कापून बसलं तरी ४जी मिळणार नाही. २जीच्या काळातल्या सिममध्ये ४जी नेटवर्कला ओळख पटवून देणारा भागच नसतो. फोन नवा, टॉवर नवा, आणि नेट मात्र २जीच्या वेगाने, नाहीतर काहीच नाही. कंपनीच्या गॅलरीत आधार घेऊन जा, त्याच नंबरचं नवीन सिम मिळतं. नंबर बदलत नाही.

शाळेची_घंटा

या निमित्ताने एक सांगते, कारण आमच्या सासूबाईंना याचा फार त्रास झाला. सिम बदलायच्या आधी त्यावरची नावं उतरवून घ्या! बटणाच्या फोनमध्ये बऱ्याचदा नंबर फोनमध्ये न राहता सिमवर साठवलेले असतात. गॅलरीतल्या मुलाने नवीन सिम दिलं, जुनं तिथेच मोडून टाकलं, आणि त्यांचे सगळे नंबर गेले. माहेरचे, भिशीतल्या बायकांचे, गॅसवाल्याचे. वय ऐंशीच्या पुढे, एकेक नंबर परत मिळवायला फार फिरावं लागलं.

आधी जुन्या फोनमध्ये 'सिमवरून फोनमध्ये कॉपी' हा पर्याय वापरावा. आणि नंबर वहीतही लिहून ठेवावेत.

पॅनेलवाला_सांगली

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. सिमवर साधारण २५० नावं मावतात आणि एका नावाला चौदा-पंधरा इंग्रजी अक्षरांची जागा असते. देवनागरीत लिहिलं तर त्याच जागेत जेमतेम निम्मी अक्षरं बसतात. म्हणून 'विठ्ठलराव पाटील' असं साठवलेलं सिमवर गेलं की अर्धवट दिसतं. ज्येष्ठांना नावं मराठीतच वाचता येत असतील तर ती फोनच्या मेमरीत ठेवलेली बरी.

आणि निफाडकर, हे तुम्हालाही लागू आहे. काही स्टार्टर ज्या नंबरवरून फोन घ्यायचा ते नंबर सिमच्याच फोनबुकात ठेवतात. नवीन सिम घातल्यावर 'नेटवर्क आलं, पण मोटार ऐकत नाही' असं झालं तर घाबरू नका, तुमचे नंबर पुन्हा नोंदवावे लागतील. पद्धत स्टार्टरच्या पुस्तिकेत असते.

दुसरी गोष्ट सिमच्या पिनची. कार्डावर चार आकडी पिन लावलेला असेल तर तो आधी मोबाइलमध्ये घालून बंद करा. फोन चालू करताना आपण पिन टाकू शकतो, स्टार्टर टाकू शकत नाही.

सॅन_होजेहून

इथे अमेरिकेतून वाचतोय. थोडं वेगळं, पण याच विषयातलं विचारतो. आईसाठी इथून आयफोन १५ घेतला आहे, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला नेईन. आता लक्षात आलं की याला सिमचा ट्रेच नाही. तिचं सिम यात बसवायचा काही मार्ग?

चिपळूणचा_पाऊस

बसवायचा नाही. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, ट्रेशिवायच येतात. त्यात फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनच्या आतच असलेलं सिम चालतं. त्याच मॉडेलच्या भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला एक ट्रे असतो आणि ई-सिमही चालतं. चीनमध्ये विकले जाणारे आयफोन बहुतेक याच्या उलट असतात, दोन नॅनो सिमचा ट्रे आणि ई-सिम नाही. म्हणजे नाव तेच, खोका तोच, पण कुठल्या देशातून घेतला यावर सिमचं गणित बदलतं. परदेशातून फोन मागवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी विचारून घ्यावं.

तुमच्या आईंचं सिम ज्या कंपनीचं आहे तिच्याकडून तोच नंबर ई-सिमवर घेता येईल. क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. मात्र काही गोष्टी लक्षात ठेवा.

सिम बदललं की, मग ते साधं असो वा ई-सिम, पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद असतात. दूरसंचार विभागाने २०२२ च्या अखेरीस हा नियम आणला, चोरून सिम बदलून बँकेचा ओटीपी मिळवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. नियम चांगला आहे, पण त्या दिवशी ओटीपी येणार नाही. एफडी मोडायची आहे, तिकीट काढायचं आहे, हयातीचा दाखला द्यायचा आहे, अशा दिवशी सिम बदलू नका.

दुसरं, तुम्ही कोल्हापुरात असतानाच हे करा आणि परतायच्या आधी दोन-तीन दिवस हाती ठेवा. फोन बिघडला तर साधं सिम काढून शेजारच्याच्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम तसं काढता येत नाही, ते दुसऱ्या फोनमध्ये घ्यायला पुन्हा सगळी प्रक्रिया करावी लागते. एकट्या राहणाऱ्या आईसाठी मी तरी ट्रे असलेला भारतातला फोन आणि साधं सिम यालाच पसंती देईन.

सॅन_होजेहून

मनापासून आभार. हा फोन इथे मीच वापरतो आणि तिच्यासाठी कोल्हापुरातच घेतो. तिच्या फोनची काळजी शेवटी शेजारचा मुलगाच घेतो, त्याला ट्रे आणि सिम कळतं.

मुळामुठा

नॅनोचा विषय निघालाय तर एक आवडती माहिती. २०१२ मध्ये नॅनोच्या मापावरून मोठा वाद झाला होता. एका बाजूला अ‍ॅपल, दुसऱ्या बाजूला नोकिया, मोटोरोला आणि ब्लॅकबेरीवाली कंपनी. निर्णय युरोपच्या 'एत्सी' या मानक संस्थेत व्हायचा होता. एक आक्षेप अगदी साधा होता. नवीन कार्डाची लांबी जुन्या मायक्रोच्या रुंदीएवढी झाली तर लोक ते आडवं करून मायक्रोच्या खाचेत घुसवतील आणि ते अडकेल. आता मापं बघा: मायक्रोची रुंदी १२ मिलिमीटर, नॅनोची लांबी १२.३. आडवं घालायला गेलात तर ते जातच नाही. तो ०.३ मिलिमीटर आपल्या खाचा वाचवतोय.

उगवतीचा_वारा

वा! हे माहीत नव्हतं.

मग खूप जुन्या फोनमध्ये आजचं सिम चालतं का? घरी वडिलांचा जपून ठेवलेला फोन आहे.

मुळामुठा

नोकिया ११०० च्या काळातला असेल, म्हणजे २००३ च्या आसपासचा, तर चालतो. एकात-तीन सिमचा बाहेरचा तुकडा घाला. सिम २जीवाल्या कंपनीचं हवं, वर पॅनेलवाल्यांनी लिहिलंय त्याच कारणासाठी. ४जीचं कार्ड असलं तरी जुन्या फोनला समजेल असा २जीचा भाग त्यात सहसा असतो.

१९९० च्या दशकातला असेल तर अडचण विजेची येऊ शकते. तेव्हाचे काही फोन सिमला ५ व्होल्ट द्यायचे. पुढे ३ व्होल्टची आणि मग १.८ व्होल्टची कार्डं आली, आताची बरीच कार्डं ५ व्होल्टवर चालत नाहीत. मापात बसेल, बॅटरीही चालेल, आणि तरी फोन कार्ड ओळखणार नाही.

बांधावरचा_इंजिनिअर

मला इथे वेगळं मत मांडायचंय. निफाडकरांनी २जी सिम शोधण्यापेक्षा ४जीचा स्टार्टर घ्यावा. २जी आज ना उद्या बंद होणारच. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, त्याला २५ वर्षं झाली तेव्हा, २०२० मध्ये, मुकेश अंबानींनी जाहीरपणे सांगितलं की ३० कोटी लोक अजून २जीत अडकलेत आणि ते लवकर इतिहासजमा व्हायला हवं. एअरटेलने ३जी बंद केलंच की. अमेरिकेत तर एटीअँडटीचं २जी २०१७ लाच बंद झालं. मग आज जुन्या यंत्रावर खर्च कशाला?

पॅनेलवाला_सांगली

खर्च कसला? नवीन सिमचाच ना? नवीन स्टार्टरला हजारोंनी पैसे लागतात, सिमला तसे नाही.

तुम्ही दिलेलं उदाहरणच बघा. एअरटेलने ३जी बंद केलं आणि २जी ठेवलं. बटणाचे फोन वापरणारे गिऱ्हाईक आणि अशी हजारो यंत्रं २जीवर आहेत म्हणूनच ना? भारतात २जी बंद करायची कोणतीही तारीख सरकारने ठरवलेली नाही. चालू यंत्र काढून टाका हा सल्ला मी शेतकऱ्याला देणार नाही. मात्र नवीन मोटार, नवीन पेटी घेताय तर ४जीचाच स्टार्टर मागा, तिथे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. आणि तो घेतानाही पुस्तिकेत सिमचं माप आणि कोणत्या कंपन्यांचं नेटवर्क चालतं हे वाचा. '४जी' लिहिलंय म्हणून प्रत्येक कंपनीच्या ४जीवर कॉल लागेलच असं नसतं. ४जीवरून कॉल घेण्याची सोय त्या मॉड्यूलमध्ये असावी लागते. ती नसेल तर जिओवर तो स्टार्टर फोन उचलणार नाही.

बांधावरचा_इंजिनिअर

कॉलची सोय हा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या लिहिण्यात आला नव्हता. बाकी माझं मत तेच, नवीन घेणाऱ्याने २जी घेऊ नये.

चिपळूणचा_पाऊस

निफाडकर, सगळे मापावर बोलताहेत, पण मला दुसरीच काळजी वाटते. तुम्ही मुलीचं जुनं सिम स्टार्टरमध्ये घालताय. तो नंबर तिच्या बँकेला, आधारला, कॉलेजच्या कुठल्या अर्जाला जोडलेला आहे का? विहिरीवरची पेटी रात्रभर उघड्यावर असते. केबल आणि स्टार्टर चोरीला जातात हे आपण सगळे बघतो. चोराने ते सिम स्वतःच्या फोनमध्ये घातलं तर तिचे ओटीपी त्याच्या हातात. आणि वर लिहिलंय तसं, स्टार्टरमधल्या सिमला पिनही लावता येत नाही.

तेव्हा तो नंबर पोर्ट करून पेटीत घालायचा विचारही करू नका. तुमच्या स्वतःच्या नावावर, कशालाही न जोडलेला नवीन नंबर घ्या. एका माणसाच्या नावावर नऊ सिम चालतात. आपल्या नावावर किती आहेत ते संचार साथीच्या संकेतस्थळावर कळतं. सालगड्याच्या किंवा शेजाऱ्याच्या नावावर घेऊ नका, पुढे दोघांनाही त्रास.

द्राक्षबाग_निफाड

@चिपळूणचा_पाऊस, हे डोक्यातच आलं नव्हतं. मुलीच्या बँकेला तोच नंबर आहे. सिम लगेच पेटीतून काढून घरी आणलं.

बटणाचा फोन घेऊन विहिरीवर रेंज बघितली. गावात ज्या कंपनीची रेंज भरपूर, ती विहिरीवर जवळपास नाहीच. दुसरीची चांगली आहे. तिचं सिम उद्या माझ्या नावावर घेतो. आतलं तोडू देणार नाही!

भीमाकाठ

माझंही काम झालं. गॅलरीत अंगठा लावला, नॅनो मिळालं, नंबर तोच. २४ तास मेसेज आले नाहीत, नंतर सुरळीत.

एक विचारायचं आहे. सिम बदललं त्याच संध्याकाळी एकाचा फोन आला, 'तुमचं सिम ५जी करायचंय, मेसेजमधला नंबर सांगा.' मी फोन ठेवला. पण ५जीसाठी खरंच पुन्हा सिम बदलावं लागतं का?

गंजगोलाई_मोबाइल

फोन ठेवलात ते उत्तम केलंत. जिओ आणि एअरटेलचं ५जी त्यांच्या ४जी सिमवरच चालतं, वेगळं सिम लागत नाही. फोन ५जीचा हवा एवढंच. असा फोन करणारा तुमच्याकडून ई-सिमचा किंवा सिमबदलीचा ओटीपी काढून घेत असतो. तो दिला की काही वेळात तुमच्या फोनची रेंज जाते आणि नंबर त्याच्या फोनवर सुरू होतो. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: कारण नसताना रेंज पूर्ण गेली आणि शेजारी त्याच कंपनीची रेंज असेल, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

द्राक्षबाग_निफाड

मंडळी, चालू झालं. एकात-तीन सिम मिळालं, बाहेरचा तुकडा मोडला, आधी मोबाइलमध्ये घालून एक कॉल करून बघितला, पिन बंद असल्याची खात्री केली आणि मग स्टार्टरमध्ये घातलं. अडॅप्टरची गरजच पडली नाही. दिवा भराभर लुकलुकला, मग तीन सेकंदांनी लुकलुकायला लागला. पॅनेलवाल्यांनी लिहिलं होतं तसंच पहिल्या फोनला मोटारीने ऐकलं नाही. पुस्तिकेत बघून माझा आणि बायकोचा नंबर नोंदवला, आणि घरातून मोटार सुरू झाली.

आता ओलीचं काय करू? नवीन सिम पुन्हा काळं पडायला नको.

पॅनेलवाला_सांगली

अभिनंदन! पेटीच्या तळाला केबल जिथून आत येते ते भोक बघा, ओल बहुतेक तिथूनच शिरते. तिथे केबलभोवती घट्ट बसणारा रबराचा ग्रोमेट किंवा केबल ग्लँड बसवा. वरच्या बाजूची भोकं सिलिकॉनने बुजवा, पण तळाला एक बारीक भोक मोकळं ठेवा, आत साचलेलं पाणी तिथून निघून जातं. खाचेच्या पिना काळ्या दिसत असतील तर मेन स्विच बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि पूर्ण वाळू द्या. सिमच्या पत्र्यावर ग्रीस, तेल, व्हॅसलीन काही लावू नका, त्यावर धूळ बसते.

सिमच्या पाठीवर १९-२० आकडी नंबर असतो, ८९९१ ने सुरू होणारा. त्याचा फोटो काढून घरी ठेवा. सिम हरवलं किंवा चोरीला गेलं तर बंद करताना आणि बदलून घेताना उपयोगी पडतो. पेटीच्या दारावर मोबाइल नंबर मात्र लिहू नका.

द्राक्षबाग_निफाड

फोटो काढला. ग्रोमेट रविवारी पिंपळगावच्या बाजारातून आणतो. केबल दहा चौरस मिलिमीटरची आहे, त्याला कोणतं माप मागू?

पॅनेलवाला_सांगली

केबलचा तुकडा सोबत न्या आणि दुकानात घालून बघा. बाहेरचं आवरण कंपनीगणिक वेगळं असतं, नुसत्या आकड्यावर घेतलं तर ढिलं निघतं. घट्ट बसलं की तेच घ्या.